मत्स्यालयाच्या छत्रातील प्रकाशयोजना

मत्स्यालयाच्या छत्रातील प्रकाशयोजना : मत्स्यालयाच्या काचपेटीवर बसविलेल्या, चारही बाजू असलेल्या पोकळ झाकणास छत्र म्हणतात, विक्रेते त्याला ‘हूड’ किंवा ‘टॉप’ या नावाने ओळखतात. छत्राच्या आतील बाजूस दिवे बसवून पेटीतील पाणवनस्पतींना व प्राण्यांना प्रकाश पुरविण्याच्या व्यवस्थेचा, विशेषतः ती घरच्या घरी कशी तयार करावी याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. तयार छत्रे विकत मिळतात. तथापि ती ठराविक मापांची असतात आणि त्यांतील दिवे बहुधा मासे उठून दिसावेत एवढ्याच हेतूने बसविलेले असतात. म्हणून पेटीचे माप व तीतील जीवांची गरज पाहून छत्र स्वतः बांधण्याचा प्रघात हौशी मत्स्यपालकांत रूढ आहे. सुतारकाम व विद्युत् जोडकाम यांचे साधे कौशल्य असणाऱ्यास हे काम अवघड नाही. मात्र पाणी, दमट हवा, उष्णता व वीज या चारही गोष्टी येथे वीतभर उंचीच्या जागेत एकत्र येतात आणि माशांना अन्न घालणारा हात रोज त्याच जागेतून आत जातो. त्यामुळे या कामातील निष्काळजीपणा प्राणघातक ठरू शकतो.

कृत्रिम प्रकाशापूर्वी : १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी मासे, गोगलगाई व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून बंदिस्त पाण्यात जीवसृष्टीचा समतोल राखता येतो, हे दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. या काळातील पेट्या खिडकीजवळ ठेवीत. प्रकाश बाजूने आल्यामुळे वनस्पती तिकडे झुकत, उजेडाकडील काचेवर शैवलांचा हिरवा थर चढे आणि उन्हाळ्यात पाणी तापे. प्रकाश वरून, ठराविक वेळ व हव्या त्या प्रमाणात मिळावा ही गरज विजेच्या दिव्यांमुळे भागली. १९३८ मध्ये अनुस्फुरक नळीदिवे विक्रीस आले आणि पुढे अनेक दशके तेच मत्स्यालयाचे मुख्य दिवे होते.

प्रकाशाची गरज : माशांना पाहण्यापुरता व दिवसरात्रीचा क्रम कळण्यापुरता प्रकाश पुरतो. खरी गरज असते ती वनस्पतींना. पानांतील हरितद्रव्य मुख्यत्वे निळा (सु. ४३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा) व तांबडा (सु. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा) प्रकाश शोषून घेते (→ प्रकाशसंश्लेषण). मानवी डोळा मात्र हिरव्या-पिवळ्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असल्याने डोळ्यांना झगझगीत वाटणारा दिवा वनस्पतींना तितकाच उपयोगी असतो असे नाही. व्यवहारात सु. ६,५०० केल्व्हिन रंग तापमानाचा पांढरा प्रकाश दोन्ही दृष्टींनी समाधानकारक ठरतो. क्रिप्टोकॉरिन व जावा फर्न यांसारख्या वनस्पती मंद प्रकाशात तग धरतात; तांबड्या पानांच्या व जमिनीलगत पसरणाऱ्या बहुतेक जाती मात्र तीव्र प्रकाशाशिवाय नीट वाढत नाहीत.

सागरी पेटीतील प्रवाळांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या पेशींत सहजीवी एकपेशीय शैवले असतात व त्यांना तीव्र, निळसर प्रकाश लागतो. त्यासाठी पूर्वी धातू हॅलाइड दिवे छत्रापासून उंच टांगीत. भारतात प्रवाळांचा घरगुती छंद सहसा संभवत नाही, कारण भित्तिनिर्मितीक्षम प्रवाळांना २००१ मध्ये वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. म्हणून येथून पुढील विवेचन गोड्या पाण्याच्या पेटीपुरते मर्यादित ठेवले आहे.

दिव्यांची निवड : तंतुदीप (साधा बल्ब) एका वॉटमागे सु. १२ ते १५ ल्युमेन प्रकाश देतो व उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. थंड देशांत ही उष्णता काही अंशी उपकारक असे. आपल्याकडे ती उपद्रव ठरते. पाण्याचे तापमान २५° से. वरून ३०° से. पर्यंत गेल्यास त्यात विरघळू शकणाऱ्या ऑक्सिजनाचे प्रमाण लिटरमागे सु. ८.३ मिग्रॅ. वरून ७.५ मिग्रॅ. पर्यंत घटते आणि त्याच वेळी माशांची ऑक्सिजनाची गरज वाढते. विदर्भातील किंवा खानदेशातील उन्हाळ्यात बंदिस्त छत्राखालील मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात, त्याचे हे एक कारण होय. अनुस्फुरक नळीदिवे यापेक्षा पुष्कळ कार्यक्षम. परंतु त्यांत पारा असतो व मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये त्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरविले. नवीन छत्रासाठी आता प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ म्हणजे एलईडी हाच योग्य पर्याय आहे. १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी तयार झाल्यावर पांढरा एलईडी शक्य झाला. चांगल्या प्रतीचे एलईडी एका वॉटमागे १०० किंवा त्याहून अधिक ल्युमेन देतात आणि प्रकाश एकाच दिशेने टाकत असल्याने परावर्तकाची गरज फारशी उरत नाही.

जुन्या पुस्तकांत एका गॅलनमागे अमुक वॉट असा नियम आढळतो. वॉट हे विजेच्या वापराचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. तंतुदीप व नळीदिव्यांच्या काळातील हा नियम एलईडीला लावण्यात आता अर्थ नाही. त्याऐवजी लिटरमागे ल्युमेन मोजणे बरे. मंद प्रकाशाच्या वनस्पतींसाठी लिटरमागे १० ते २०, मध्यम गरजेच्या वनस्पतींसाठी २० ते ४० ल्युमेन हा ढोबळ अंदाज चालतो. उदा., ९० सेंमी. लांब, ४० सेंमी. रुंद व ४५ सेंमी. उंच पेटीचे घनफळ १६२ लिटर भरते. वाळू, दगड व वरची रिकामी जागा वजा जाता पाणी सु. १४० लिटर असते. लिटरमागे २५ ल्युमेन धरल्यास ३,५०० ल्युमेन म्हणजे सु. ३५ वॉटचे दिवे लागतात. मीटरमागे १४.४ वॉट वापरणाऱ्या २४ व्होल्टच्या एलईडी पट्टीचे ८० सेंमी. चे तीन तुकडे हे काम करतात. त्यांना एकूण सु. १.४५ अँपिअर प्रवाह लागतो. शक्तिपुरवठा सतत पूर्ण भारावर चालू नये म्हणून तो ५० ते ६० वॉटचा घ्यावा. पेटी अधिक खोल असल्यास हा हिशेब अपुरा पडतो, कारण तळाशी पोहोचणारा प्रकाश अंतरासरशी कमी होत जातो.

छत्राची बांधणी : छत्राचा सांगाडा सागाचा किंवा सागरी प्लायवुडचा करतात. साधा प्लायवुड काही महिन्यांतच फुगतो व त्याचे थर सुटतात. लाकडाच्या कापलेल्या कडा पाणी सर्वांत जास्त शोषतात. म्हणून त्यांवर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनाचे दोन-तीन हात देऊन ते अनेक दिवस पूर्ण वाळू द्यावे लागतात. आतील बाजू पांढरी रंगविल्यास प्रकाश वाया जात नाही. पितळी किंवा अगंज पोलादाच्या बिजागऱ्या वापराव्यात. उंची साधारणपणे १५ ते २० सेंमी. ठेवतात व पुढील भाग उचलता येईल असा करतात. छत्राचा भार काचेच्या एका बिंदूवर न येता कडेवर सर्वत्र सारखा पडला पाहिजे.

दिवे व पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असणे आवश्यक आहे. स्वच्छ काच जवळजवळ दशांश प्रकाश अडविते, हे खरे; पण ते नसल्यास बाष्प व उडणारे थेंब थेट दिव्यांवर बसतात. विंधन विहिरीचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या काचेवर चुन्याचा पांढरा थर जमतो. तो न पुसल्यास निम्म्या दिव्यांचा खर्च फुकट जातो, असे म्हणण्यास हरकत नाही.

एलईडी थंड असतात हा समज चुकीचा आहे. त्यांची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे न जाता पाठीमागे साचते व ती काढून न घेतल्यास त्यांचे तेज झपाट्याने उतरते. याकरिता पट्ट्या लाकडावर थेट न चिकटविता ॲल्युमिनियमाच्या पन्हळीवर बसवाव्यात आणि छत्राच्या मागील बाजूस खाली व वर अशी दोन्हीकडे हवेची छिद्रे ठेवावीत.

विद्युत् जोडणी व सुरक्षितता : घरगुती पुरवठा २३० व्होल्ट असतो. ओल्या त्वचेचा रोध पुष्कळच कमी असल्याने या दाबाखाली शरीरातून जाणारा काही दशक मिलिअँपिअर प्रवाहही हृदयाची लय बिघडवू शकतो. येथे एक फसवी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काचपेटी विसंवाहक असल्यामुळे एखादी जिवंत तार पाण्यात पडली, तरी प्रवाहाला जमिनीकडे जाण्यास वाट नसते. मासे नेहमीप्रमाणे पोहत राहतात, दिवे लागत राहतात आणि कशाचाच संशय येत नाही. ती वाट प्रथम मिळते ती पेटीत हात घालणाऱ्या माणसाच्या शरीरातून. वितळतार अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण ५ अँपिअरची वितळतार ५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहालाच वितळते. माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्याच्या शतांशाइतका असतो. याला उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचा, आरसीसीबी या नावाने मिळणारा गळतीप्रवाह खंडक. तो जाणारा व परतणारा प्रवाह यांची सतत तुलना करतो आणि त्यांत फरक पडताच पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

याहून मूलगामी उपाय म्हणजे २३० व्होल्टची तार छत्रात मुळी येऊच न देणे. शक्तिपुरवठा छत्राबाहेर, भिंतीवर बसवून केवळ २४ व्होल्टच्या तारा आत न्याव्यात. मात्र स्वस्त शक्तिपुरवठ्यांपैकी काहींत आदान व प्रदान मंडले एकमेकांपासून विलग केलेली नसतात. त्यांचा प्रदान दाब मापकावर २४ व्होल्ट दिसला, तरी ती तार मुख्य पुरवठ्याशी जोडलेलीच असते. म्हणून विलगित बनावटीचा व तसे चिन्हांकन असलेला शक्तिपुरवठाच निवडावा. तो पेटीच्या थेट खाली ठेवू नये. प्रत्येक तार जोडस्थानापेक्षा खाली लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब वेटोळ्याच्या तळाशी गळून पडतो. खटक्यात वा प्लगमध्ये शिरत नाही.

छत्रातील सांधे डाख देऊन, उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करतात. उघड्या तांब्यावर दमट हवेत हिरवट क्षार चढतात व ते पाण्यात पडल्यास कोळंबी, गोगलगाय यांसारखे अपृष्ठवंशी प्राणी दगावतात. सांधे लिंपताना उदासीन प्रकारचे सिलिकोन वापरावे. व्हिनेगरासारखा वास येणारे सिलिकोन काच जोडण्यास उत्तम असले, तरी त्यातून सुटणारे ॲसिटिक अम्ल तांब्याला खाते. आयपी ६५ किंवा ६७ असा दर्जा दिलेल्या पट्ट्यांना ओलाव्यापासून संरक्षण असते, परंतु पट्टी कापलेल्या टोकाशी ते संपते आणि ते टोक पुन्हा लिंपावे लागते.

छत्र बसविण्यापूर्वी ते कोरड्या जागी दोन-तीन दिवस चालवून पाहतात व पन्हळीला हात लावून ती फार तापत नाही याची खात्री करून घेतात.

वापर : नवीन पेटीत प्रकाश रोज सहा तासांपासून सुरू करून वनस्पती रुजल्यावर आठ ते दहा तासांपर्यंत वाढवितात. त्यासाठी वेळनियंत्रक खटका लावावा, कारण माणसाच्या आठवणीवर सोपविलेला दिवस कधी चौदा तासांचा होतो, तर कधी उगवतच नाही. अंधारातून एकदम लख्ख प्रकाश झाल्यास मासे बिथरून काचेवर आदळतात. तीन पट्ट्यांपैकी एक स्वतंत्र खटक्यावर ठेवून ती अर्धा तास आधी लावल्यास हे टळते. काचेवर व पानांवर शैवल वाढू लागल्यास प्रथम दिव्यांचा काळ कमी करावा. प्रकाश वाढविल्याने वनस्पतींची पोषकद्रव्यांची व कार्बन डाय-ऑक्साइडाची गरजही वाढते, आणि ती भागली नाही तर त्या वाढीव प्रकाशाचा लाभ वनस्पतींऐवजी शैवलांना मिळतो.