कचऱ्याचा खड्डा का बिघडतो?

जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला जाताना वाटेत पहूर हे गाव लागते. जवळून वाघूर नदी वाहते आणि भोवतालच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकते. अशा गावांतून स्वयंपाकघरातला कचरा परसातल्या खड्ड्यात टाकतात. खड्ड्याला घाण सुटली, माशा घोंगावू लागल्या, की घरची मंडळी म्हणतात, “हा बुजवा आणि दुसरा खणा.” पण थोड्याच दिवसांत नव्या खड्ड्याचीही तीच गत होते. मग दोष कशात आहे?

अमेरिकेत पुष्कळ घरांत मोरीच्या भांड्याखाली कचरा भरडणारे विजेचे यंत्र असते. जॉन हॅमिस या वास्तुशिल्पज्ञाने ते १९२७ साली तयार केले. ते अडले तर आत अडकलेले हाड किंवा चमचा काढून दुरुस्त करतात. आपला खड्डाही एक यंत्रच आहे. त्यात मोटारीऐवजी कोट्यवधी जीवाणू आणि बुरशी काम करतात. त्यांची गरज ओळखली, की खड्डाही दुरुस्त करता येतो.

जीवाणूंना काय हवे?

जीवाणूंना हवा, ओलावा आणि समतोल अन्न हवे. अन्नातील कर्बापासून त्यांना शक्ती मिळते, तर नत्रापासून त्यांचे शरीर घडते. एक भाग नत्राला सुमारे ३० भाग कर्ब असला, म्हणजे काम झपाट्याने होते. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असते, तर गव्हाच्या काडात ते ८० च्या आसपास असते. म्हणजे नुसता ओला कचरा चालत नाही आणि नुसते काडही चालत नाही. दोन्ही मिसळावे लागतात.

ओला कचरा दबून घट्ट बसला, की आतला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात. ते हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. हवा खेळती असेल, तर मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते आणि ढिगाचे उष्णतामान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेत रोगजंतू आणि माशीच्या अळ्या मरतात.

इंदूरचा धडा

हे शास्त्र आपल्या शेजारीच, इंदूरला आकाराला आले. १९२४ ते १९३१ या काळात तेथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ मध्ये त्यांनी यशवंत वाड यांच्यासह त्यावर पुस्तकही लिहिले. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक असल्याने लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग त्यात शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख मिसळीत. ढीग तीनदा परतला, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवल्या, तर त्यांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते. त्यांचा बारीक चुरा करून खत केले, तर दोन्ही कामे साधतात.

बिघाड ओळखा, उपाय करा

सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा कमी आहे. कचरा बाहेर काढून मोकळा करा, पऱ्हाट्यांचा चुरा किंवा वाळला पाला मिसळा आणि न दाबता परत भरा.

नाकाला झोंबणारा वास आला, तर तो अमोनियाचा समजा. नत्र जास्त झाले आहे, तेव्हा वाळला पाला वाढवा.

वास नाही, पण कचरा आठवडेच्या आठवडे जसाच्या तसा राहिला, तर तो कोरडा आहे. शेणकाल्याचे पाणी शिंपडा. मूठभर कचरा घट्ट पिळला असता एखाददुसरा थेंब निघाला, म्हणजे ओलावा बेताचा आहे.

माशा झाल्या, तर खरकटे उघडे राहिले आहे. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून रोजच्या कचऱ्यावर लगेच माती किंवा पाला पसरावा. प्लॅस्टिक मात्र जीवाणूंना पचत नाही. ते वेगळे काढा.

बदल केव्हा करावा?

एक बिघाड मात्र या उपायांनी जात नाही. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात खड्डा तुंबतो. अशा वेळी खड्डा सोडून जमिनीवर ढीग रचावा. इंदूरलाही पावसाळ्यात हेच करीत. खड्डा भरून वाहिला, तर घाण ओढ्यातून वाघूरला मिळते, आणि पुढे याच नदीवरील धरणातून जळगाव शहर पाणी घेते. परसातला खड्डा नीट ठेवणे हे केवळ आपल्या घरापुरते काम नाही, ते यामुळेच.

करून पाहा

दोन जुने माठ घ्या. एकाला बाजूने भोके पाडा आणि त्यात भाजीची देठे, केळीच्या साली व दुप्पट वाळला पाला थोड्या मातीसह भरा. दुसऱ्यात नुसता ओला कचरा दाबून भरा आणि वर सैल झाकण ठेवा. दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी दोन्हींचे उष्णतामान व वास वहीत टिपा. नाक माठात घालू नका, हाताने वारा घेऊन वास घ्या आणि नंतर हात साबणाने धुवा. माठ लहान असल्याने उष्णता फार चढणार नाही, पण वासातला फरक तुम्हांला नक्की कळेल. मग घरचा खड्डा बुजवण्यापूर्वी त्याला काय कमी पडते आहे, ते तुम्हीच घरच्यांना सांगा.