मेमरी कार्डावरील आकड्यांविषयी

फिल्मचा रोल घेताना फारसा विचार करावा लागत नसे. छत्तीसचा रोल म्हणजे छत्तीस फोटो. फार तर एखाददुसरा जास्त. डिजिटल कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड मात्र टपाल तिकिटाएवढे असूनही त्याच्या अंगावर पंचांगासारखी इतकी चिन्हे असतात, की दुकानदार देईल ते खिशात टाकून माणूस मोकळा होतो.

आधी पिढी पाहावी. एस.डी. कार्ड १९९९ मध्ये आले. साध्या एस.डी.ची मर्यादा २ जी.बी., एस.डी.एच.सी.ची ३२ जी.बी. आणि एस.डी.एक्स.सी.ची २ टी.बी. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड सहसा चालते, पण जुन्या कॅमेऱ्यात नवे चालेलच असे नाही. काकांचा वीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा वापरणाऱ्याने आधी त्याची पुस्तिका उघडावी, मग बाजाराची वाट धरावी.

वेगाच्या बाबतीत खरी फसगत होते. कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० मेगाबाइटचा आकडा बहुधा वाचनाचा, आणि तोही कमाल, असतो. कॅमेऱ्याला गरज असते ती लिहिण्याच्या किमान वेगाची. ती खूण बारीक असते : अर्धवर्तुळातील १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, यू अक्षराच्या पोटातील ३ किंवा व्ही ३० म्हणजे किमान ३०. त्यातून चलचित्रांचा हिशेब कॅमेरावाले मेगाबिटांत मांडतात. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिटांच्या फोर-के चित्रणाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हवेत. तिथे १० ची हमी अपुरी, व्ही ३० पुष्कळ. स्नेहसंमेलनातले नाटक टिपायला व्ही ३० घ्यावे. एकेक फोटो शांतपणे काढणाऱ्याने व्ही ९० घेणे म्हणजे निव्वळ पैशाचा चुराडा.

नकली कार्ड याहून घातक. त्यातील नियंत्रक चिपला खोटे बोलायला शिकवलेले असते. आत जागा ८ जी.बी.ची, पण ती कॅमेऱ्याला १२८ सांगते. आठ भरेपर्यंत सारे सुरळीत. पुढचे फोटो एकतर कुठेच लिहिले जात नाहीत किंवा आधीच्यांवर लिहिले जातात. यादीत नावे मात्र दिसत राहतात. माझ्या एका मित्राने गावोगावचे वीरगळ असल्या स्वस्त कार्डावर टिपले. घरी उघडले तेव्हा शेवटच्या तीन गावांच्या जागी नुसते राखाडी पट्टे! त्यातला एक वीरगळ पुढे रस्ता रुंद करताना हलवला गेला. मूळ जागेवरचा त्याचा फोटो आता आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

यावर उपाय फुकट आहे. एफ-थ्री किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेले परत वाचून ताडून पाहतात. वेळ बराच जातो. रात्री लावून झोपावे. मी स्वतः १२८ च्या एका कार्डाऐवजी ६४ ची दोन बाळगतो. एक भरले, की कडेची छोटी कळ खाली सरकवून ते बंद करतो आणि वेगळ्या खिशात ठेवतो.