सवलतीचा रकाना

मिळकतकराचं बिल आलं की आमच्या सोसायटीत आधी सवलतीचा रकाना वाचला जातो, भरायचा आकडा नंतर. सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यांपैकी एखादी सोय चालू असेल तर ५ टक्के सूट. दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. सदाशिव पेठेत वाडा पाडून इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरनं गच्चीवर सोलरचा बंब बसवून दिला. पहिली दोन वर्षं सकाळी कढत पाणी आलं. मग नळ्यांत क्षार साठले, दोन नळ्या तडकल्या, स्टँडखाली पारव्यांनी बिऱ्हाड केलं. बंब बंद, सवलत चालू, असं बरेच दिवस चाललं. तपासणीला माणूस येणार असं कळल्यावर नळ्या ॲसिडनं धुवून घेतल्या. खर्च निघाला तो सगळ्यांच्या वर्गणीतून.

गेल्या वीस वर्षांत पुणे महापालिकेला पाणी, नदी, कचरा आणि विजेसाठी जो पैसा मिळाला, त्याचा हिशेब मांडायला बसलं की मला ही गच्चीच आठवते. बांधायला पैसे देणारे पुष्कळ भेटले. पुसायला, धुवायला, दुरुस्त करायला कोण देणार, हे बहुतेक वेळा कागदावरच आलं नाही.

सुरुवात करावी ती ३ डिसेंबर २००५ पासून. त्या दिवशी केंद्रानं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं. पुण्याएवढ्या शहरासाठी वाटणी ठरलेली होती : केंद्र ५० टक्के, राज्य २०, महापालिका ३०. महापालिकेला शंभरातले तीसच घालायचे असल्यामुळे मोठे प्रकल्प हाती घेणं सोपं झालं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, धावू लागली. नव्या बसही आल्या. मात्र बस खरेदीला अनुदान मिळालं तरी तिच्या सुट्या भागांना मिळत नाही, हे डेपोत उभ्या राहिलेल्या गाड्यांनी दाखवून दिलं.

कचऱ्याचंही तेच. वॉर्डावॉर्डांत रोज पाच टन ओला कचरा जिरवणारे बायोगॅस प्रकल्प उभे राहिले. त्यातून वीज करायची आणि रस्त्यावरचे दिवे पेटवायचे, कल्पना चोख होती. पण प्लास्टिकची एक पिशवी, नारळाची एक करवंटी आत गेली की यंत्र अडतं. बरेच प्रकल्प पूर्ण क्षमतेनं चाललेच नाहीत.

त्याच सुमारास कमी गाजावाजा झालेली एक व्यवस्थाही उभी राहत होती. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारात येऊन ओला-सुका वेगळा घ्यायचा, घरटी दरमहा शुल्क. आमच्याकडे येणाऱ्या मावशी डब्यात हात घालून आधी बघतात. ओल्यात औषधाची पट्टी सापडली तर जिन्यातच सुनावतात. घासाघीस होते, महिनाअखेरीस कुणी शुल्क देताना कुरकुरतं. पण पैसा दर महिन्याला फिरतो म्हणून काम रोज होतं.

पुढचा टप्पा २०१५ चा. २५ जूनला स्मार्ट सिटी अभियान जाहीर झालं. प्रत्येक शहराला केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेचा. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुणे देशात दुसरं आलं आणि अभियानाच्या वर्षपूर्तीचा सोहळाही पुण्यातच, बालेवाडीत झाला. क्षेत्रविकासासाठी निवड झाली ती औंध-बाणेर-बालेवाडीची. पेठांच्या वाट्याला काही आलं असेल तर ते शहरभराच्या योजनांतून. ३१ मार्च २०२५ ला अभियान संपलं.

जानेवारी २०१६ मध्येच नदीसाठी जपानच्या जायका या कर्ज देणाऱ्या संस्थेशी करार झाला. मुळा-मुठेचं प्रदूषण रोखायला ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, मिळून रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, अंदाज ९९० कोटींचा. केंद्राचा वाटा ८५ टक्के, पालिकेचा १५. एवढं स्वस्तात पदरी पडलेलं काम झपाट्यानं व्हायला हवं होतं. पण भूमिपूजन झालं ६ मार्च २०२२ ला, आणि तोवर खर्च १४७० कोटींच्या वर गेला होता.

पैसा उभारण्याचा वेगळा मार्ग पुण्यानं जून २०१७ मध्ये धरला. चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे, १० वर्षांची मुदत, ७.५९ टक्के व्याज. मुंबई शेअर बाजारात नोंदणी. मागणी कितीतरी पट आली. रोखे काढल्याबद्दल केंद्राकडून २६ कोटींचं प्रोत्साहनही मिळालं. पण त्याच वर्षी कामाच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि व्याजाचं मीटर मात्र पाण्याच्या मीटरआधी पळू लागलं.

पाण्याच्या खर्चाचा प्रश्न या पेठेला नवा नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणवलं. पेठांतले हौद अशाच पाण्यावर भरत. ‘सदाशिव पेठेचा हौद’ म्हटलं की आजही रिक्षावाल्याला पत्ता कळतो. त्या नळाला जागोजाग उच्छ्वास ठेवले होते : उतरून गाळ काढता यावा, पाणी निवळावं म्हणून. देखभालीची वाट बांधकामातच होती.

अलीकडच्या काही योजनांत ही वाट पुन्हा दिसू लागली आहे. फेब्रुवारी २०१९ पासून पुण्यात आलेल्या ई-बस शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीनं विकत घेतल्या नाहीत. गाडी किती किलोमीटर धावली त्यावर ठेकेदाराला पैसे. उभ्या गाडीचं भाडं नाही, त्यामुळे बॅटरी सांभाळणं त्याच्याच हिताचं. नदीच्या नव्या कामातही शुद्धीकरण केंद्र बांधणाऱ्यावरच ते चालवण्याची जबाबदारी आहे.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आली पंतप्रधान सूर्यघर योजना. छतावर सौर पॅनेल बसवायला घरासाठी २ किलोवॉटला ६० हजार, ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. सोसायटीच्या लिफ्ट-पंप-दिव्यांसाठी किलोवॉटमागे १८ हजार. उपनगरातल्या बंगल्याला हे सोपं. पेठेत मात्र उरलेल्या वाड्यांवर कौलं, खाली पागडीचे भाडेकरू आणि छप्पर नेमकं कुणाचं यावर कोर्टात तारखा. नव्या इमारतींच्या गच्च्यांवर शेजारच्या उंच इमारतीची सावली दुपारीच उतरते.

आमच्या वार्षिक सभेत विषय निघालाच. चिटणीसांनी अनुदानाचा आकडा वाचला, माना डोलल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, “पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं म्हणता. पारव्यांची घाण पुसायला दर पंधरा दिवसांनी वर कोण जाणार, ते आधी लिहा.”

इतिवृत्तात ठराव क्रमांक एक म्हणून तेच लिहिलं गेलं : सफाईची दरमहा वर्गणी, प्रत्येक घरामागे. अनुदानाचा अर्ज ठराव क्रमांक दोन.