अनुदान सातबाऱ्याला, घाम बटईदाराचा
शेतीची सवलत बदलण्यापूर्वी कसणाऱ्याची नोंद हवी

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर लागले की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागतात. इसापूर धरणाच्या कालव्याने आणि विहिरी-बोअरच्या पाण्याने हा भाग हिरवा ठेवला आहे. केळी, हळद आणि ऊस ही येथील नगदी पिके. केळी कापणारा, घड वाहणारा, ट्रक भरणारा, आडतीवर बसणारा, अशा कितीतरी माणसांची चूल या बागांवर पेटते. त्यांत आपल्या समाजातील माणसेही आहेत. काहींची स्वतःची जमीन आहे, तर काही दुसऱ्याची जमीन बटईने किंवा मक्त्याने करतात. या शेवटच्या वर्गाविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे.

शेतीला सरकार पुष्कळ देते, असे शहरातील माणूस म्हणतो. आमच्या हातात काहीच पडत नाही, असे शेतकरी म्हणतो. वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे आहे. पैसा निघतो, परंतु तो कोणत्या दाराने आत येतो, हे पाहिले पाहिजे.

तीन दारे

पहिले दार खताच्या पोत्याचे. २०२२-२३ साली केंद्र सरकारचा खतांच्या अनुदानावरील खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. युरियाचे ४५ किलोचे पोते शेतकऱ्याला साधारण २६६ रुपयांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलते. मात्र ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश ही खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया तेवढा नियंत्रणात राहिला. २०१० साली पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला. परिणाम असा, की युरिया स्वस्त आणि पालाश महाग. आता केळीला नत्राइतकेच पालाश लागते, हे कोणताही बागाईतदार सांगेल. पोटॅशचे पोते दीड हजाराच्या आसपास गेले की गरीब माणूस पालाश कमी करतो आणि युरिया वाढवतो. पाने हिरवीगार दिसतात, पण घडाला वजन येत नाही आणि जमीन बिघडते ती वेगळीच.

दुसरे दार रोख रकमेचे. पंतप्रधान किसान सन्मान निधी २०१९ मध्ये सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. राज्याने २०२३ मध्ये 'नमो' योजनेतून आणखी ६,००० जोडले. ही रक्कम जमीन ज्याच्या नावावर आहे, त्यालाच मिळते. बटईदाराला एक पैसाही नाही.

तिसरे दार कर्जाचे आणि विम्याचे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला केंद्र व राज्याच्या सवलती मिळून महाराष्ट्रात व्याज पडत नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्याही बँकेच्या किंवा सोसायटीच्या खातेदारांना मिळाल्या. सावकाराकडून घेतलेले कर्ज त्यांत कसे बसणार? विम्याचीही तीच गत. राज्याची एक रुपयात पीकविमा योजना बोगस अर्जांच्या तक्रारींनंतर २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. केळीचा फळपीक विमा वेगळा, त्यात शेतकऱ्याचा हिस्सा साधारण ५ टक्के. बटईदाराला विमा घेता येतो, पण भाडेकराराचा कागद दाखवावा लागतो. नेमका तोच त्याच्याजवळ नसतो.

हिशेब मांडून पाहू

समजा, एकाने तीन एकर केळी निम्म्या वाट्याने केली आहे. खर्चासाठी एक लाख रुपये लागले. मालकाने ते सोसायटीतून काढले तर वेळेवर फेडून व्याज शून्य. बटईदाराने बाहेरून शेकडा तीन रुपये महिन्याने काढले तर वर्षाचे व्याज झाले ३६,००० रुपये. शिवाय मालकाच्या खात्यात दोन योजनांचे १२,००० जमा. म्हणजे एकाच बागेत, एकाच वादळाला तोंड देणाऱ्या दोन माणसांत सरकारी धोरणानेच ४८,००० रुपयांचे अंतर पाडले. त्यात केळीला उसासारखा कायद्याने बांधलेला दर नाही आणि हमीभावाच्या यादीतही तिचे नाव नाही. दोन हजारांच्या घरात गेलेला क्विंटलचा भाव काही आठवड्यांत हजाराखाली येतो. कापलेला घड घरात ठेवून भावाची वाट पाहता येत नाही.

सुधारणेतला धोका

खताचे अनुदान बंद करून तेवढी रोख रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात द्यावी, असे अनेक अर्थतज्ज्ञ सुचवतात. सूचना वाईट नाही. युरियाची उधळपट्टी थांबेल, काळाबाजार आटोक्यात येईल. परंतु अर्धापूरच्या बांधावर उभे राहून पाहिले तर तिच्यातील धोका दिसतो. आज दुकानात आधार दाखवून, अंगठा लावून बटईदारालाही स्वस्त युरिया मिळतो. सरकारच्या मदतीपैकी हे एकच दार त्याला सातबाऱ्याशिवाय उघडे आहे. उद्या पोते बाजारभावाने झाले आणि रोख रक्कम मालकाच्या खात्यात गेली, तर महाग खत बटईदाराने घ्यावे व भरपाई मालकाने, असे होईल. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की आधी कसणाऱ्याची नोंद करा, मगच अनुदानाची वाट बदला.

मालक का भितो?

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पोलीस कारवाईनंतर १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला आणि त्याने कुळांना संरक्षण दिले. ते त्या काळी आवश्यकच होते. परंतु तेव्हापासून 'कूळ लागेल' ही भीती मालकाच्या मनातून गेलेली नाही. म्हणून बटई तोंडी ठरते आणि दरवर्षी शेत बदलते.

यावर उपाय नाही असे नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला ११ महिन्यांचे पीक-हक्क कार्ड दिले. मालकी हक्काला त्याने धक्का लागत नाही, कर्ज आणि विम्यासाठी मात्र कागद मिळतो. त्यातही मालकाची संमती लागते, त्यामुळे अडचणी संपल्या असे नव्हे. उलट नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी मदत सुरू केली तेव्हा बटईदार वगळले होते. दोन्ही राज्यांचा अनुभव महाराष्ट्रासमोर आहे.

आपल्या हातातले काम

इस्लाममध्ये पिकावरील उश्रचा नियम पाहण्यासारखा आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, कष्टाने पाणी देऊन आणलेल्या पिकाचा विसावा. ज्याचा खर्च अधिक, त्याच्यावर भार कमी, आणि पीकच आले नाही तर देणेही नाही. खैबरची जमीन हजरत मुहम्मद (स.) यांनी निम्म्या उत्पन्नावर कसावयास दिली होती. तेव्हा बटई हा काही कमीपणाचा व्यवहार नव्हे. मात्र देवघेव लिहून ठेवण्याची आज्ञाही कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. आपले जमीनदार बांधव आणि बटईदार हे दोघेही ती विसरले आहेत.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत किती एकर, किती मुदत, खत-बियाण्याचा खर्च कोणाचा, विम्याची भरपाई आल्यास वाटा कसा, हे साध्या कागदावर साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे. जेथे मालकाची तयारी असेल तेथे करार नोंदवावा, म्हणजे विम्याचे दार उघडेल. बटईदारांनी चार-सहा जणांचा संयुक्त दायित्व गट करून बँकेकडे जावे, नाबार्डची ती योजना भूमिहीन कसणाऱ्यांसाठीही आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे, त्यांनी गावातच बिनव्याजी मदतीचा निधी उभा करण्याचा विचार करावा. हंगामाच्या तोंडावर मिळालेले वीस-पंचवीस हजारही बटईदाराला सावकाराच्या दारातून परत फिरवू शकतात.

सरकारला सांगावयाचे ते सांगावेच. पण पुढच्या लागवडीचे कंद जमिनीत पडण्यापूर्वी कागद मात्र आपल्याच गावात, आपल्याच हाताने लिहिला गेला पाहिजे.