छर्रा लागला, हे सांगायचं कुणी?

  मलकापूरच्या एका कबड्डी प्रशिक्षकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न साबागेच्या, म्हणजे छर्‍याच्या खेळण्यातल्या बंदुकांनी खेळायच्या जपानी लढाईच्या खेळाच्या, मुळाशीच हात घालणारा आहे. ते लिहितात, ‘आमच्याकडे सरपंच, पंच, गुणलेखक मिळून सहा माणसं असतात, तरी स्पर्श झाला की नाही यावरून मैदान डोक्यावर घेतलं जातं. तुमच्या साबागेत माणसं झाडीत लपलेली, छर्रा सहा मिलिमीटरचा, अंगावर खूण राहत नाही. मग बाद कोण झालं हे ठरवतं कोण?’

ज्याला लागला, तोच. दुसरं कुणीही नाही.

छर्रा लागला की त्या माणसानं ‘हिट्टो!’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडायचं, हात वर करायचे आणि सरळ मैदानाबाहेर चालू लागायचं. हातातल्या बंदुकीला लागला तरी बहुतेक मैदानांवर बाद. आपल्याच गड्याचा लागला तरी बाद. झाडावर आपटून उलटलेला मात्र सहसा धरत नाहीत. पेंटबॉलमध्ये कपड्यावरचा रंग साक्ष देतो, इथे तशी साक्ष कुणीच देत नाही.

त्यातून छर्रा हलका, आणि जोर कायद्यानं बांधलेला. २००६ साली जपाननं शस्त्रकायदा सुधारला आणि छर्‍याच्या दर चौरस सेंटिमीटरमागे ३.५ ज्यूलची मर्यादा घातली. सहा मिलिमीटरच्या छर्‍याला हिशेबानं ०.९८९ ज्यूल येतात, म्हणून मैदानावर सगळे ०.९८ धरून चालतात. सकाळी फाटकापाशी प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात. ०.२ ग्रॅमचा छर्रा नळीतून निघताना सेकंदाला जास्तीत जास्त ९९ मीटरच्या आसपास. पण इतकी हलकी वस्तू हवेत फार लवकर मंदावते. चाळीस मीटरवर, हिवाळ्याच्या जाड जाकिटावर, तो लागल्याचं खरोखरच कळत नाही. शेजारची फांदी हलली की छर्रा लागला, असा प्रश्न पडतो. जुने खेळाडू नवख्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती हीच: शंका आली, तर बाद व्हायचं.

मारणार्‍याची बाजूही ऐका. बंदुकीतली ‘हॉप-अप’ची रबरी गादी छर्‍याला उलटी फिरकी देते, म्हणून तो दूरवर तरंगत जातो; पण शेवटी वेग संपला की खाली किंवा बाजूला वळतो. मागून पाहणार्‍याला पांढरा ठिपका समोरच्याच्या छातीवर विरलेला दिसतो, तो प्रत्यक्षात दोन हात अलीकडेच पडलेला असतो. दोघंही खरं बोलत असतात आणि तरी भांडण होऊ शकतं. म्हणून मैदानांचा कडक नियम आहे: ‘तुला लागला, तू खोटारडा’ असं समोरच्याला ओरडायचं नाही. संशय असेल तर मैदानाच्या माणसाला सांगायचं. तो त्या खेळाडूवर नजर ठेवतो, गरज पडली तर बाजूला घेऊन बोलतो. लागूनही न सांगणार्‍याला तिथे ‘झोंबी’ म्हणतात. असे लोक तिथेही आहेत. जपानी माणूस जन्मतःच प्रामाणिक असतो, हे मला पटत नाही.

माझ्या मते गुण खेळाच्या मांडणीचा आहे. चिबा प्रांतातल्या मैदानांवर सुटीच्या दिवशी ‘तेइरेइकाई’, म्हणजे सगळ्यांसाठी खुला असलेला नियमित खेळ, भरतो. तोक्योहून एकटा आलेला माणूसही पैसे भरून त्यात सामील होतो. आलेल्यांचे पट्ट्यांच्या रंगावरून दोन गट पाडतात, सकाळी अनोळखी असलेले दुपारी एकत्र जेवतात. एक डाव दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसात असे कितीतरी. बक्षीस नाही, गुणतक्ता नाही. बाद झालात तर थोडा वेळ बसायचं आणि पुढच्या डावाला पुन्हा उतरायचं. काही प्रकारांत तर तळावर जाऊन त्याच डावात परत येता येतं. खरं बोलण्याची किंमत इतकी कमी असेल तर खोटं बोलायचं कशासाठी?

आपल्याकडे किंमत जास्त असते. क्रिकेटचंच पाहा. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं, पण स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथला बॅट लागलेली दिसली नव्हती, त्यानं टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं १७१ धावांची भागी केली, भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथचं ते वागणं अजून सांगितलं जातं. एका सामन्यावर पाणी सोडावं लागलं, म्हणूनच ते इतकं मोठं वाटतं.

तेव्हा प्रशिक्षक महाशय, सरावात एक डाव पंचांशिवाय, गुण न मोजता खेळवून पाहा. स्पर्श झाला तर ज्याला झाला त्यानंच हात वर करायचा. पोरं काय करतात ते मला जरूर कळवा. त्यावर पुन्हा लिहीन.