पळस्पे फाट्यावर पदवीचा हिशेब

पदवीचा खर्च तीन ठिकाणी होतो: महाविद्यालयाच्या शुल्कात, शिकत असताना बुडालेल्या कमाईत, आणि पदवी हाती आल्यावर मनाजोगत्या नोकरीची वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांत. घरोघरी चर्चा होते ती पहिल्या खर्चाची. पनवेल तालुक्यातल्या पळस्प्यासारख्या गावात मात्र उरलेले दोन खर्च जास्त भारी पडतात, कारण इथे बारावी झालेल्या मुलाला काम शोधायला लांब जावे लागत नाही.

जुना मुंबई-पुणे महामार्ग पळस्पे फाट्यावरून जातो, मुंबई-गोवा महामार्ग इथूनच सुटतो आणि न्हावा-शेवा बंदराचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. २६ मे १९८९ रोजी ते बंदर सुरू झाले आणि पुढच्या काळात या टापूतल्या भातखाचरांच्या जागी कंटेनर यार्ड, गोदामे आणि ट्रेलरचे तळ उभे राहिले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागल्याने मालवाहतुकीत आणखी भर पडत आहे. हेल्पर, चेकर, फोर्कलिफ्ट ऑपरेटर, ट्रेलरचा चालक यांतल्या कुठल्याच कामाला पदवी लागत नाही. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती, तीही २०१९ मध्ये काढली गेली. अशा गावात तीन वर्षे कॉलेजात घालवायची की नाही, हा प्रश्न आळशी मुलाचा नसून हिशेबी मुलाचा आहे.

शुल्काचे चित्र वाटते तितके सरसकट नाही. पनवेलला रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे, नवीन पनवेलला चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे. पळस्प्याहून दोन्ही ठिकाणे रोज जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे वसतिगृहाचा खर्च वाचतो. अनुदानित तुकडीतले बी.ए. किंवा बी.कॉम. आजही साध्या घराला झेपते. त्याच आवारातला विनाअनुदानित, म्हणजे सेल्फ फायनान्सचा अभ्यासक्रम कितीतरी पट महाग असतो, कारण तिथे शिक्षकांच्या पगारापासून संगणकापर्यंत सगळे विद्यार्थ्याच्या पैशातून चालते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. तेव्हापासून महाराष्ट्रात जागा भरपूर झाल्या आणि खर्चाचा भार सरकारच्या तिजोरीवरून पालकांच्या खिशावर आला. आज खासगी अभियांत्रिकीचे शुल्क साधारण वर्षाला एक ते दोन लाखांच्या घरात असते आणि शिक्षण चार वर्षांचे असते.

सवलती आहेत, पण माहिती असेल त्यालाच त्या मिळतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यांच्या भावांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून अर्धे शुल्क मिळू शकते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणे आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज यांतले एक पाऊल चुकले तरी वर्ष कोरडे जाते. ज्या घरात पहिलेच मूल कॉलेजात निघाले आहे, तिथे ही पावले सांगणारे कुणी नसते. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाने एक टेबल फक्त या कामासाठी मांडले, तर कित्येक मुलांचे शिक्षण वाचेल.

आता बुडालेली कमाई. तिचा अंदाज करायला सरकारनेच एक मापपट्टी दिली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. बाजारातला पगार याहून वेगळा असतो, पण सरकारी दर घेतला तर बारावीनंतर ३६ महिने न कमावल्याने २,१६,००० रुपये बुडतात. पदवीमुळे महिन्याला वाढतात ४,०००. म्हणजे नुसती बुडालेली कमाई भरून यायला ५४ महिने, साडेचार वर्षे लागतात. शुल्क, पुस्तके आणि भाडे अजून धरलेले नाही.

हा हिशेब इथेच थांबवला तर पदवी तोट्याची ठरते, आणि गोदामाच्या दारात उभे राहून नेमका एवढाच हिशेब मांडला जातो. पण दोन पगारांतले अंतर कायम तेवढेच राहत नाही. हेल्परचा पगार पाच-सात वर्षांत एका उंचीला जाऊन थबकतो. पदवीधराचा वाढत जातो, मात्र त्या पदवीने पुढचे एखादे दार उघडले असेल तरच.

ते दार कसे असते, हे पळस्प्याच्या परिसरातल्या कामातच दिसते. यार्डाच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक असतात. त्यांतला शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे नोंद घेताना एखादा आकडा चुकला तर संगणकाला ते कळते. गेटवरचा मुलगा हा क्रमांक आणि सीलचा क्रमांक टिपतो. काम जबाबदारीचे आहे आणि आठवडाभरात शिकता येते. त्याच कंटेनरचे कागद क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टम्स ब्रोकरच्या, कार्यालयात जातात. तिथे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे विवरणपत्र, भरताना आतल्या मालाला सीमाशुल्काच्या तक्त्यातला आठ अंकी क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक बदलला की शुल्काचा दर बदलतो, आणि चुकीच्या क्रमांकापोटी दंड, खटला, रोजचे साठवण भाडे असे सगळेच मागे लागते. प्लास्टिकची वस्तू घरगुती भांडे मानायची की यंत्राचा सुटा भाग, हे ठरवायला नियम वाचून त्यांचा अर्थ लावता यावा लागतो. कस्टम्स ब्रोकरच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा कार्यालयात नोकरीला बारावी पुरते. स्वतःच्या नावाने परवाना काढायचा तर इतर अटींबरोबर पदवीही लागते. बारावीवर कामाला लागलेला हुशार मुलगा दहा वर्षांत धंद्यातल्या खाचाखोचा शिकतो आणि परवान्याच्या अर्जापाशी अडतो. पदवीची किंमत त्याला त्या दिवशी कळते.

सगळीच दारे पदवीची नसतात. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा परवाना बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा यांतून मिळतो. विमानतळाच्या गावांत राहणाऱ्या पालकांना ही वाट माहीत हवी. आयटीआयचा वीजतंत्री किंवा फिटर दोन वर्षांत कमावता होतो. जर्मनीत तर कारखान्यातली उमेदवारी आणि शाळेतले शिक्षण एकत्र चालते आणि त्या मार्गाने गेलेल्याला समाजात मान मिळतो. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, पण लग्नाच्या बैठकीत आयटीआयपेक्षा कुठलीही पदवी अजून वरचढ ठरते. पदवीच्या मागणीत या मानाचा वाटा मोठा आहे आणि तो पगाराच्या तक्त्यात दिसत नाही.

तिसरा खर्च सर्वांत जड. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. हे आकडे वाचून शिक्षणच निरुपयोगी ठरवणे चूक आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल त्या रोजावर जातो. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला थांबू देते आणि मिळणारे काम त्याला पदवीच्या खालचे वाटते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांवर दिसते आणि पस्तिशीपुढे ती पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे बहुतेकांना शेवटी काम मिळते, पण मधली वर्षे रांगेत जातात.

ही रांग कुठे लागते तेही स्पष्ट आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. तिथे पदवी ही अटच आहे. पुढच्या वर्षीच्या पोलीस भरतीला बारावी पुरत होती, तरी १७ हजारांवर जागांसाठी आलेल्या सतरा लाखांहून अधिक अर्जांत अभियंतेही होते. अभ्यासिकेत पंचविशी ओलांडलेल्या मुलाने पदवीवर केलेला खरा खर्च कॉलेजच्या पावत्यांत शोधून सापडणार नाही. तो त्या चार-पाच वर्षांच्या न मिळालेल्या पगारात आणि हुकलेल्या अनुभवात आहे. स्पर्धा परीक्षेला किती वर्षे द्यायची, हे घराने पहिल्याच वर्षी ठरवले, तर पदवीचा निम्मा तोटा टळतो.

या रांगेचे दुसरे कारण वर्गात आहे. शिक्षकांची मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-तीन महाविद्यालये सांभाळतात. परीक्षेआधी गाइड पाठ करून पदवी मिळवलेल्याला इंग्रजी ईमेल लिहिता येत नाही, एक्सेलमध्ये माल आणि बिल यांचा मेळ घालता येत नाही. मालक मग बारावीवाल्यालाच घेतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

कर्ज काढून शिकायचे असेल तर हा भाग जास्तच तपासावा लागतो. चार लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना सुमारे ५,३०० रुपये येतो, आणि शिकत असतानाचे व्याज मुद्दलात मिळवले की आणखी वाढतो. सरकारी विद्यावेतनाच्या १०,००० रुपयांतून तो भरणे अशक्यच. म्हणून कर्ज काढताना महाविद्यालयाच्या जाहिरातीतल्या सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा बाजूला ठेवावा आणि त्या शाखेतल्या मधल्या विद्यार्थ्याला काय पगार मिळाला, ते विचारावे. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे.

पगारात न मोजता येणारा परतावाही या टापूने पाहिला आहे. जासईचे दि. बा. पाटील वकिलीचे शिक्षण घेतलेले. पनवेलचे आमदार आणि कुलाब्याचे खासदार म्हणून त्यांनी नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा लढा उभा केला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. भूसंपादनाची नोटीस, सातबारा आणि कायद्याचे कलम वाचू शकणारी माणसे आगरी-कोळी गावांत तेव्हा फार थोडी होती. विमानतळाभोवतालच्या परिसरासाठीच्या नैना या नगररचना प्रकल्पाच्या आराखड्यांमुळे असे कागद आज पुन्हा घरोघरी येत आहेत. मुलींच्या बाबतीत परतावा आणखी वेगळा आहे: कॉलेजची तीन वर्षे बहुधा लग्न पुढे ढकलतात, एकटीने प्रवास करायला आणि स्वतःचे बँक खाते चालवायला शिकवतात.

शुल्काइतकीच कमाईही महत्त्वाची असलेल्या घरांसाठी मधला मार्ग जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतने ‘कमवा आणि शिका’ हे सूत्रच मानले. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण १९७१ पासून चालू आहे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. गोदामात पाळी करणाऱ्याला या मार्गाने कमाई न बुडवता पदवी घेता येते, फक्त अभ्यासाची शिस्त स्वतः लावावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेली श्रेयांके खात्यात जमा राहतात आणि ठरलेल्या मुदतीत परत येऊन पदवी पुरी करता येते. मध्येच थांबायची वेळ आली तर बाहेर पडण्याआधी कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा उमेदवारीची जादा चार श्रेयांके पुरी करावी लागतात, नाहीतर वर्ष पास होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही. प्रवेश घेतानाच महाविद्यालयात ही उमेदवारी कुठे आणि कधी करायला मिळते, याची चौकशी करून ठेवणे आवश्यक असते.