नाक उपजत, माग शिकलेला

भातं कापून झाली, की मुरबाडच्या बाजूला कार्तिकातल्या सकाळी बांधांवर दव साचतं. अशा वेळी पाड्यावरचं एखादं तांबूस गावठी कुत्रं मालकाच्या पुढे चालताना मधेच थबकतं. मान खाली, शेपटी ताठ. गवताच्या एका काडीपाशी नाक नेतं, दोन पावलं मागे येतं, तीच काडी पुन्हा हुंगतं आणि मग बेधडक करवंदीच्या जाळीकडे वळतं. रात्री ससा तिथून गेलेला असतो. आपल्याला ओलं गवत तेवढं दिसतं. कुत्र्याला ससा गेला हे तर कळतंच, तो कोणत्या बाजूला गेला हेही कळतं.

या दिशेच्या कोड्याने शास्त्रज्ञांनाही झपाटलं होतं. 1993 साली नॉर्वेच्या संशोधकांनी चार जर्मन शेफर्ड कुत्री घेतली आणि वीस मिनिटांपूर्वी गवतातून चालत गेलेल्या माणसाच्या मागावर त्यांना आडवं आणून सोडलं. कुत्र्यांनी फार तर पाच पावलं हुंगली आणि तीन ते पाच सेकंदांत बरोबर दिशा धरली. पुढे 2005 साली उत्तर आयर्लंडमध्ये असाच प्रयोग झाला. पाच पावलं मिळाली की दिशा सापडते, तीनच मिळाली तर सापडत नाही, असं तिथे दिसलं. आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिलं पाऊल आणि पाचवं पाऊल यांच्या वयात फरक असतो जेमतेम काही सेकंदांचा. तेवढ्या वेळात वास जो किंचित उडून जातो, तो फरक कुत्र्याचं नाक पकडतं. मला तरी प्राणिजगतात याहून थक्क करणारं फारसं काही आढळलेलं नाही.

हे जमतं कसं? माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. पण नुसत्या आकड्यांनी काम होत नाही. खरी करामत हवेच्या वाटेत आहे. माग काढताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं. आत गेलेली हवा फुटते. बहुतेक हवा श्वासासाठी फुप्फुसाकडे जाते आणि साधारण आठवा हिस्सा नाकाच्या पार मागच्या कप्प्यात शिरतो. तिथे पातळ हाडांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर या पेशींचं अस्तर असतं. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळत नाही. शिवाय दोन्ही नाकपुड्या आपापल्या बाजूची हवा वेगवेगळी ओढतात, म्हणजे वास डावीकडून आला की उजवीकडून याचाही अंदाज येतो. आणि वास घेणाऱ्या या पेशी मरतात तशा जन्मभर नव्याने उगवत राहतात.

एवढं सगळं घेऊनच पिल्लू जन्माला येतं. मग शिकवायचं काय उरतं?

उरतं ते फार मोठं आहे. नाक वास घेतं, पण हजार वासांतला कोणता महत्त्वाचा हे नाक सांगत नाही. पहिल्याच वर्षी रानात गेलेलं पिल्लू सरड्यामागे धावतं, खेकड्याच्या बिळात तोंड खुपसतं, लाव्याचा थवा उठवून देतं. त्याच्याबरोबरचं जुनं कुत्रं यातल्या कशाकडेही ढुंकून बघत नाही. कशाचा माग सोडायचा आणि कशाचा धरायचा, हे पिल्लू त्या जुन्या कुत्र्याकडून उचलतं. मालकाच्या ‘छू’ला त्यानंतरच अर्थ येतो.

ही पाड्यावरची शाळा दक्षिण आफ्रिकेत 1997 साली प्रयोगाने तपासली गेली. अमली पदार्थ हुडकणाऱ्या पोलीस कुत्र्यांची काही पिल्लं सहा ते बारा आठवड्यांच्या वयात आईचं काम नुसतं पाहत होती; काहींना ते पाहायला मिळालं नाही. सहाव्या महिन्यात परीक्षा घेतली, तेव्हा आईला पाहिलेली पिल्लं सरस ठरली. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

बीज महत्त्वाचं की शिकवण, हा वाद इथे रंगतो. 2016 साली हंगेरीत झाकलेल्या भांड्यांत कच्चं मांस लपवून चाचणी घेतली. वासासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जाती इतर कुत्र्यांपेक्षा चांगल्या ठरल्या, आणि माणसाने कधीही न निवडलेला लांडगा त्यांच्या तोडीस तोड निघाला. म्हणजे बीजाला वजन आहे. पण 2015 चा अमेरिकेतला प्रयोग पाहा. दोन वासांतला फरक शिकण्यात चपट्या नाकाच्या पगने जर्मन शेफर्डला मागे टाकलं! त्याच प्रयोगात ग्रेहाउंडांनी तर कामात रसच घेतला नाही. आपल्या दख्खनचा कारवानही त्याच घडणीचा, नजरेने सावज धरून वाऱ्यासारखा पळणारा. नाक त्यालाही आहे, पण नाक खाली घालून तासभर माग काढत बसण्याची चिकाटी त्याच्या स्वभावात नाही. माझं मत असं, की चांगला मागकरी कुत्रा ओळखायचा तो चिकाटीवरून. नाक बहुतेकांकडे पुरेसं असतं.

शिकवण काय करू शकते हे पाहायचं तर मुंबई पोलिसांचा झंजीर आठवा. हा लॅब्रॅडोर पुण्यात सीआयडीच्या केंद्रात शिकला, 29 डिसेंबर 1992 ला बॉम्बशोधक पथकात दाखल झाला आणि तीनच महिन्यांत मुंबई साखळी स्फोटांनी हादरली. त्या काळात त्याने हुडकलेल्या आरडीएक्स या स्फोटकाची नोंद 3,329 किलोंची आहे. मुंब्रा आणि ठाण्यातही त्याने बॉम्ब शोधून दिले. आरडीएक्समध्ये कुत्र्याला आवडावं असं काहीच नाही. हुडकणाऱ्या कुत्र्यांच्या शिक्षणाचं सूत्रच हे, की विशिष्ट वास सापडला की लाडका चेंडू किंवा खाऊ मिळतो. वासाशी आनंद जोडला जातो.

शिकवणाऱ्याची चूकही कुत्र्यात उतरते. 2011 साली कॅलिफोर्नियात कुत्रं आणि त्याला हाताळणारा हस्तक अशा 18 पथकांना काहीही लपवलेलं नसलेल्या खोल्या तपासायला दिल्या. हस्तकांना ‘इथे माल आहे’ असं खोटंच सांगितलं होतं. बहुतेक कुत्र्यांनी ‘सापडलं’ असा इशारा दिला, तोही हस्तकाला वाटत होतं तिथेच जास्त. कुत्रं आपल्याला इतकं वाचतं. म्हणून माग निघत असताना गप्प राहावं.

आणि या सगळ्यावर हवामानाची सत्ता. दवात, गार सकाळी वास जमिनीलगत टिकून राहतो. वैशाखात माहुली गडाच्या पायथ्याचा कातळ तापला, की वास उडतो आणि कुत्रंही धापा टाकू लागतं. तोंडाने श्वास सुरू झाला, की नाकाचं काम मंदावतं. थकलेल्या, धापणाऱ्या कुत्र्यांकडून स्फोटकं जास्त निसटतात, हे इस्रायलमध्ये मोजलं गेलं आहे. त्यात शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत असले, तर धुराने आणखी पंचाईत.

वाघूर म्हणजे जाळं लावून, हाकारे देऊन होणारी पारध आज कायद्याने बंद आहे; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा आणि साळिंदरालाही संरक्षण आहे. ते योग्यच आहे. तेच नाक आता शिकाऱ्याच्या विरुद्ध उभं राहतंय. 2008 पासून देशात वन्यजीव गुन्हे हुडकणारी कुत्री तयार केली जात आहेत आणि महाराष्ट्राच्या वनखात्याकडेही ती आहेत.

पाड्यावरच्या कुत्र्यांसाठी मात्र एक विनंती. पिल्लू दोन-तीन महिने आईजवळ राहू द्या आणि त्याला रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस द्या. डिस्टेंपरमध्ये कुत्रं दगावतं, वाचलं तरी त्याचं नाक अधू होऊ शकतं. हाच रोग रानातल्या बिबट्यांपर्यंतही पोचू शकतो. 2018 साली गीरच्या सिंहांचे बळी त्याने घेतले आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची चौकशी पावसाळ्याआधीच करा.